न भांडता चढायचा डोंगर

सुरुवातच माझ्या तोंडाने बिघडवली. मुलीचं लग्न ठरवायला तिच्या होणाऱ्या सासरी आम्ही दोघी मायलेकी पहिल्यांदा गेलो होतो. लोणी काळभोरच्या पुढे सोलापूर हायवे सोडून आत वळलं की थोड्या वेळाने त्यांचं गाव लागतं. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या, पोहे झाले होते, चहा आला होता आणि समोर तो उभा होता. हायवेवरून बघितलं तर खडी क्रशरवाल्याने उरलेला ढीग टाकून दिलाय असं वाटावं, एवढाच. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. डोंगर कशाला म्हणायचं आणि टेकडी कशाला, हे मी शेकडो पोरांना डोळे वटारून पाठ करून घेतलेलं. तर मी आपली कौतुकानेच म्हणाले, “छान आहे हो तुमची टेकडी!”

सगळ्यांचे कप हवेतच थांबले. माझी मुलगी खुर्चीखालून माझ्या पायावर पाय देत होती. होणारे व्याही तसे गरीब स्वभावाचे, रोज पहाटे टेम्पोतून शेवंती घेऊन मार्केट यार्डात जाणारा माणूस. ते नुसते जमिनीकडे बघत राहिले. विहीणबाई मात्र पदर खोचून पुढे आल्या आणि म्हणाल्या, “टेकडी तुमच्या पुण्यात. ह्यो डोंगर हाय.”

एवढ्याशा त्या डोंगराभोवती तीन गावं आहेत आणि तिन्ही गावांची पक्की समजूत अशी, की डोंगराचं तोंड आपल्याकडे आणि पाठ बाकीच्यांकडे. विहीणबाईंचं माहेर डोंगराच्या पलीकडच्या गावात. लग्न होऊन या बाजूला आल्या, केस पांढरे झाले, पण डोंगराचं तोंड माहेराकडेच आहे हा हेका त्यांनी आजतागायत सोडलेला नाही. यावरून त्यांचं सासरच्या माणसांशी दर जत्रेला एकदा वाजतंच. म्हणजे बाई माझ्यासारखीच होती. पण हे मला तेव्हा कुठे कळायला? मला वाटलं, खडूस आहे.

कप खाली ठेवले गेल्यावर आत्याबाई बोलल्या. आत्याबाई म्हणजे व्याह्यांची आत्या. हातात काठी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि त्या घरात त्यांच्यावाचून पान हलत नाही. त्यांनी सांगितलं, “पत्रिका-बित्रिका तुमी बगा. आमच्यात सोयरीक डोंगरावं ठरती.”

रिवाज असा, की दोन्ही विहिणींनी रविवारी, म्हणजे भैरोबाच्या वारी, डोंगर चढायचा. वर भैरोबाचं ठाणं आहे, तिथे दोघींनी मिळून नारळ फोडायचा, मग तारीख धरायची. अट एकच, वाटेत भांडायचं नाही. घरातली सगळ्यात मोठी बाई साक्षीला मागून चालणार. भांडण झालं की जिथे झालं तिथून माघारी, आणि मग पुढचा रविवार. असे तीन रविवार. तिन्ही फुकट गेले तर पुढच्या वर्षी जत्रा होईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही.

“भांडण झालं हे ठरवणार कोण?” मी विचारलं.

“मी,” आत्याबाई म्हणाल्या. संपला विषय.

परतताना गाडीत मी मुलीला म्हटलं, “अगं, हे काय खूळ? तुम्ही दोघं एवढ्या मोठ्या कंपनीत कामाला आणि तुमचं लग्न मी टेकडी चढते की नाही यावर?”

“डोंगर,” मुलगी म्हणाली. “आई, आम्ही उद्या कोर्टात जाऊन सही करू शकतो. पण त्याच्या आईचं मन मोडून त्याला लग्न नकोय. आणि मलापण नकोय. हॉलची तारीख मी होल्डवर ठेवलीय. प्लीज, तू फक्त नॉर्मल बोल. म्हणजे तुझं नॉर्मल नको, लोकांचं नॉर्मल.”

आता यात माझा काय दोष? आमच्या पेठेत भाजीवाल्याला ‘कोथिंबीर आज आणलीत की गेल्या आठवड्यात?’ असं विचारणं याला भांडण म्हणत नाहीत, चौकशी म्हणतात. ह्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. ते होते तोवर माझ्या बोलण्यावर हसायला घरात माणूस होतं. नंतर ते सगळं मुलीच्या वाट्याला आलं, आणि तिला हसायला वेळ नाही.

पहिल्या रविवारी मी जय्यत तयारीने गेले. रोज पहाटे पर्वती चढणारी बाई मी, मला चढाचं काय भय! पायात मुलीने आणलेले महागाचे बूट, डोक्यावर टोपी, पाठीला सॅक, सॅकमध्ये नारळ. विहीणबाईंच्या पायात झिजलेल्या स्लिपर, डोक्यावर पदर आणि हात मोकळे. त्यांनी माझ्या बुटांकडे एकदा बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

वाट करवंदीच्या जाळ्यांतून जाते. दोन्ही बाजूंना वाळकं कुसळ, ते माझ्या सलवारीत घुसून टोचत होतं. मागून आत्याबाईंची काठी ठक ठक वाजत होती, परीक्षेला पर्यवेक्षक मागे उभा असावा तसं. जरा वर गेल्यावर विहीणबाईंनी विचारलं, “पोरीला भाकरी येती का वं?”

साधा प्रश्न. ‘शिकेल हळूहळू’ एवढं म्हणायचं होतं. मी म्हणाले, “येते ना. फोनवरून मागवली की वीस मिनिटांत येते.”

“म्हंजी शिकवलं न्हाय तुमी.”

“तुमच्या मुलाला येते का?”

“त्यो पुरुष मानूस हाय.”

“मग पुरुष माणसाचे हात काय देवाने नुसते मोबाइल धरायला दिलेत का?”

ठक. काठी जमिनीवर आपटली. “फिरा माघारी,” आत्याबाई म्हणाल्या.

पायथ्याच्या चिंचेखाली आमची दोन्ही मुलं पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती. त्यांची पहिली बाटली अजून उघडलीही नव्हती. माझी मुलगी सरळ गाडीत जाऊन बसली. हडपसरला ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर खिडकीकडे तोंड करून रडली. मेल्या माझ्या जिभेला काही हाड? त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या रविवारी मी तोंडात खडीसाखर धरली. एक विरघळली की दुसरी. काहीही होवो, बोलायचंच नाही. मजा म्हणजे विहीणबाईंच्याही गालाला फुगवटा होता. सुपारी असावी. त्यांनाही त्यांच्या मुलाने तेच बजावलेलं. दोघी तोंड मिटून चढत राहिलो. करवंदीच्या काट्याने माझी ओढणी धरली तेव्हा ती विहीणबाईंनी न बोलता सोडवली. मी मान हलवली. त्यांनी मान हलवली. अर्ध्या वाटेवर एक सपाट खडक आहे, तिथे आत्याबाई मिश्री लावायला टेकतात. तिथे आम्हीपण टेकलो, दोन दिशांना तोंडं करून. मग उठून थेट वर. दगडाचा भैरोबा, शेंदूर, वर फडफडणारं निशाण! मी एवढी खूश झाले की घाईघाईने सॅकमधून नारळ काढला.

आत्याबाईंनी तो माझ्या हातातून काढून घेतला. “वाटंत एक सबुद तरी बोलला का दोघी?”

आम्ही माना हलवल्या. नाही.

“मंग ह्यो अबोला झाला. अबोला भांडणात धरत्यात. चला खाली.”

“अहो, पण असं कुठे...” मी तोंड उघडलं, खडीसाखर घशात अडकली आणि मला असा ठसका लागला की विहीणबाईंना माझ्या पाठीवर धपाटे घालावे लागले. ते त्यांनी जरा जोरातच घातले, असं माझं आजही मत आहे.

तिसरा रविवार म्हणजे शेवटचा. आदल्या रात्री मुलगी माझ्या शेजारी येऊन झोपली. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी यायची तशी. म्हणाली, “आई, उद्या नाही झालं तर एक वर्ष थांबू आम्ही. तू टेन्शन घेऊ नकोस.” ती असं म्हणाली आणि मग मला रात्रभर टेन्शनच आलं. तिचा आवाज कोरडा होता. आपल्या पोटच्या पोरीचा आवाज आपल्याला कळतो.

तर तिसऱ्या रविवारी बोलायचं होतं आणि भांडायचं नव्हतं. आम्ही आकाशवाणीवर बोलल्यासारखं बोलत होतो.

“यंदा थंडी बरी आहे, नाही का?”

“व्हय. बरी हाय.”

“शेवंतीला भाव कसा काय?”

“बरा हाय की. तुमच्याकडं पानी येतं का रोज?”

“येतं. खडकवासला धरणात साठा आहे यंदा.”

मागची काठी समाधानाने वाजत होती. विषय संपत आले. म्हशी झाल्या, गुडघे झाले, दोघींची बीपीची गोळी एकच निघाली त्याचा आनंद झाला. मला इतकं बरं वाटलं की मी आपण होऊन, अगदी प्रेमाने म्हणाले, “विहीणबाई, तुम्ही मुलांची मुळीच काळजी करू नका हं. फ्लॅट माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवरच बघितलाय. मी आहे लक्ष ठेवायला.”

त्या थांबल्या.

“कुटं बगितलाय?”

“आमच्याकडेच. पेठेत.”

“हडपसरला बगनार म्हनला हुता. आईला जवळ पडंल म्हनला. दर रैवारी येतो म्हनला.”

मुलाने आईला सांगितलंच नव्हतं. ते मी सांगितलं होतं, तेही डोंगराच्या मध्यावर, शेवटच्या रविवारी.

“असेल, बदलला असेल विचार,” मी सारवासारव करत म्हणाले आणि पाय उचलला. त्याही चालू लागल्या, पण आता तरातरा. “बदलला न्हाय, बदलायला लावला. पोरगी बी तुमची, पोरगा बी तुमचा. मंग मी ह्या डोंगरावं कशापायी चढतीया? नारळ फोडून पोरगं तुमच्या पदरात टाकायला?”

“अहो, मी काही कुणाला लावलं नाही!”

“तुमाला काय वं, पुन्यात समदं हाय. दवाखानं हायत, नाटकं हायत, दोन गल्ल्यांवं पोरगी हाय. आन् वर पोरगा बी पायजे!”

आणि मग माझं टाळकं सटकलं. मागची काठी विसरले, मुलगी विसरले, भैरोबाला तर मी कधी जमेतच धरलं नव्हतं. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा तो आवाज निघाला. “काय आहे हो पुण्यात मला? तुमच्या घरी नवरा आहे, दीर-जावा आहेत, गोठाभर गुरं आहेत, आत्याबाई आहेत! माझ्या घरात संध्याकाळी दिवा लावल्यावर दुसऱ्या माणसाचा आवाज नाही. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याला मी उलटून बोलते, माहितीये? भांडायला कुणी नाही म्हणून! एक पोरगी आहे, ती दोन गल्ल्यांवर राहिली तर डोंगर कोसळला का तुमचा?”

विहीणबाई वळल्या. त्यांचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता. “घर भरल्यालं हाय. पर त्यात माझ्यासंगट बोलतंय कोन? मालक पहाटं मार्केटला, आलं की झोपत्यात. बाकीच्यांला जेवान वाढलं की झालं. दिसातनं एकदा फोन करून ‘आई, आज काय केलंस?’ म्हनून इचारनारा त्यो एकटा हाय. त्यो बी चालला.”

आणि त्या वाटेवरच्या दगडावर बसून रडायला लागल्या. मी काय करणार? मीपण बसले. सॅकमधून रुमाल काढला. एकच होता, दोघींनी आळीपाळीने वापरला. थोड्या वेळाने मी म्हटलं, “मला रोज फोन केलात तरी चालेल. मी विचारीन आज काय केलंत ते. पण भाकरीबद्दल विचाराल तर मी सरळ बोलायची नाही.” त्या रडता रडता हसल्या. मग दोघींच्या एकदमच लक्षात आलं. काठी वाजत नव्हती.

भांडणाच्या भरात आम्ही मिश्रीच्या खडकापुढे केव्हाच निघून आलो होतो. आत्याबाई खाली बसून राहिल्या होत्या. वर बघितलं तर भैरोबाचं निशाण अगदी जवळ दिसत होतं. पण भांडण तर झालं होतं. चांगलं कडकडीत, डोंगराच्या दोन्ही अंगांना ऐकू जाईल असं. म्हणजे माघारी. म्हणजे वर्षभर. मला मुलीचा तो कोरडा आवाज आठवला.

खालून ठक ठक सुरू झालं. वळणावर आधी काठी दिसली, मग कुंकू, मग आत्याबाई. “आवाज येत हुता,” त्या धापा टाकत म्हणाल्या. “भांडलात?”

मी तोंड उघडायच्या आत विहीणबाई म्हणाल्या, “न्हाय वं आत्याबाय. बाईंला कानानं कमी येतंय. मोट्यानं बोलाया लागतंय.”

“आदी कदी बोलली न्हाईस.”

“लाजत्यात त्या.”

“मंग ती कशापायी वरडत हुती?”

“बहिरी मानसं मोट्यानंच बोलत्यात की.”

आत्याबाई माझ्याजवळ आल्या, माझ्या कानाशी तोंड आणून खणखणीत ओरडल्या, “ऐकू येत न्हाय का?” माझ्या कानात नुसत्या घंटा वाजल्या. जन्मभर मी झोपेचं सोंग घेणारी, पोटदुखीचं सोंग घेणारी पोरं नुसत्या नजरेने ओळखली. आता माझीच परीक्षा होती. मी पापणी हलवली नाही. शांतपणे म्हणाले, “काय म्हणालात?”

आत्याबाईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग म्हणाल्या, “चला वर. द्येवावं हात ठिवून सांगा.”

शेवटचा चढ विहीणबाई नेहमी अनवाणी चढतात. त्यांनी स्लिपर काढून वाटेच्या कडेला ठेवल्या. ही बाई रविवार धरते, भैरोबाला दाखवल्याशिवाय घरात नवं धान्य शिजवत नाही. ही देवावर हात ठेवून खोटं बोलणार? मला एक वेळ काही वाटायचं कारण नव्हतं. मला तो शेंदूर फासलेला दगड होता, अग्निजन्य खडक, बेसाल्ट. आणि तरी हात माझाच पुढे जाईना. तिच्या देवापुढे तिच्यादेखत खोटं बोलायची मला लाज वाटत होती. संपलं सगळं, असं मी मनाशी धरलं.

विहीणबाई पुढे झाल्या. ठाण्यावर पंजा टेकवला आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “न्हाय झालं भांडान.” म्हणताना त्यांनी देवाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. माझे डोळे भरून आले. मी पुढे गेले आणि त्यांच्या हातावर माझा हात ठेवला. “नाही झालं,” मी म्हणाले. बहिरी असल्यामुळे जरा मोठ्यानेच म्हणाले.

नारळ एका फटक्यात फुटला. आत्याबाईंनी खोबरं वाटलं आणि माझ्या कानाशी ओरडून विचारलं, “ग्वाड हाय का?”

वरून पलीकडचं गाव दिसतं. विहीणबाईंनी त्यांच्या आईचं घर दाखवलं, कौलारू, बाजूला विहीर. आई आता नाही, पण घर दिसतं म्हणून त्या येतात. “तुमचं कुटं?” त्यांनी विचारलं. मी पश्चिमेकडच्या धुरकटाकडे बोट केलं. पेठ कुठली दिसायला! त्यांनी डोळे बारीक करून बघितलं. “हडपसरच्या बिल्डिंगा तेवढ्या दिसत्यात,” त्या म्हणाल्या.

उतरताना आत्याबाई पुढे गेल्यावर मी हळूच म्हटलं, “अहो, माझ्यासाठी देवाशी खोटं बोललात.”

“त्याला समदं ऐकू आलंया,” त्या म्हणाल्या. “त्यो काय तुमच्यावानी बहिरा न्हाय.”

त्या रात्री मी मुलीला सांगितलं, फ्लॅट हडपसरला बघा. ती चाट पडली. “पण आई, तूच तर म्हणत होतीस जवळ हवा म्हणून. तुला एकटीला...”

“मला ऐकू येत नाही,” मी म्हणाले आणि आत जाऊन उशीत तोंड खुपसून पोटभर रडले.

लग्न झालं. लग्नात मुलाकडच्या शे-दीडशे माणसांनी माझ्या कानात ओरडून माझी विचारपूस केली. व्याह्यांनी मला कानाच्या डॉक्टरचा पत्ता आणून दिला. तीन गावांत आता मी ठार बहिरी आहे. जत्रेला गेले की पोरंसोरं लांबूनच हाका घालतात, आज्या माझा खांदा हलवून बोलतात, आणि मी प्रत्येकाला ‘काय म्हणालात?’ विचारते. तिथे माझ्याशी हळू बोलणारी एकटीच आहे. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, आत्याबाई पुढे बसलेल्या असतात, आणि वाढता वाढता ती माझ्या कानाशी वाकते.

“वर येताय का?” ती पुटपुटते. “लई दिस झालं भांडून.”

मी बूट चढवते.